उघडं दार

पुणं. १८९३ चा श्रावण. उजाडायला अजून अवकाश आहे. तुम्ही शारदा सदनाच्या ओसरीवर उभे आहात, पागोळ्यांचं पाणी पाठीवर गळतंय आणि समोरच्या खोलीचं दार सताड उघडं आहे.

आत कंदील मिणमिणतोय. पांढऱ्या लुगड्यातल्या बाई गुडघे टेकून बसल्या आहेत. शेजारी त्यांची बारा वर्षांची मनोरमा. आणि उंबऱ्याला टेकून, आत नाही आणि बाहेरही नाही अशा, दोन-तीन मुली. एकीचा पदर ढळतो. कधीकाळी न्हाव्याच्या वस्तऱ्याखालून गेलेल्या डोक्यावर आता बोटभर केस उगवलेले दिसतात. ती पटकन पदर सावरते, पण जागची हलत नाही. तिला कोणी बोलावलेलं नाही. जा असंही कोणी म्हणत नाही.

एवढंच आहे ते. यावरून सारं पुणं पेटलं आहे.

काय ठरलं होतं, ते आधी पाहून या. चार वर्षं मागे जा, ११ मार्च १८८९, मुंबई, चौपाटी. पंडिता रमाबाई अमेरिकेतून पैसा उभा करून आल्या आहेत आणि विधवांसाठी शाळा, म्हणजे हेच शारदा सदन, उघडताहेत. त्या स्वतः सहा वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या आहेत. तरी इथे धर्म शिकवला जाणार नाही, हे वचन आहे. मुलींनी आपले सोवळे-ओवळे, उपास-तापास खुशाल पाळावेत. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार म्हणून पाठीशी उभी राहतात ती या वचनावर. पहिली विधवा विद्यार्थिनी आहे गोदूबाई. तिच्याकडे नीट पाहून ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

सदन १८९० मध्ये पुण्याला आलं. आणि आता हे दार. आक्षेप असा, की बाई प्रार्थनेला बसतात तेव्हा दार लावत नाहीत, मुली ऐकतात, कुणी आतही जाऊन बसतात. ‘केसरी’ तुटून पडला आहे. याच महिन्यात रानडे, भांडारकर राजीनामे देतील, पालक येतील, मुलींची बोचकी बांधली जातील.

तुम्ही ओसरीवर उभ्या-उभ्याच कुणाची तरी बाजू घेऊ पाहता. जरा थांबा. रानडे-भांडारकरांची भीती पोकळ नव्हती, असं मला वाटतं. ज्या हातानं ताटात भाकरी पडते, त्या हाताचा देवही मोठा वाटू लागतो. पंधरा वर्षांच्या पोरक्या मुलीला तर वाटणारच. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बाईंनी आपल्या खोलीचं दार आपल्याच मुलींच्या तोंडावर लावावं, ही अट कोणत्या धर्माची? आपल्याकडे एका बहिणीनं रुसून बसलेल्या भावाची ताटी उघडावी म्हणून अभंग रचले. इथे उघडी असलेली ताटी लावा म्हणून आग्रह चालला आहे.

आणि ही बाई नुसती आज्ञा पाळणारी ख्रिस्तीण नव्हती, हेही ध्यानात ठेवा. इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रांतून झालेला वाद वाचावा असा आहे. बाप्तिस्मा घेतला, पण बुद्धी गहाण टाकली नाही. शाकाहार सोडला नाही. न पटलेली शिकवण केवळ चर्च सांगतं म्हणून त्यांनी मानली नाही. १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढून त्यांच्या धर्मांतराच्या बाजूनं जोतीराव फुले उभे राहिले, त्याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही. शास्त्र्यांपुढे न झुकलेली बाई बिशपांपुढेही झुकत नव्हती.

चला, आता आगगाडीत बसा. दौंडच्या अलीकडे केडगाव. साल १८९७. पुण्यात प्लेग आहे, मध्य प्रांतात दुष्काळ. बाई स्वतः तिकडे जाऊन मुली घेऊन आल्या आहेत. त्यांना शहरात ठेवायची सोय नाही, म्हणून या माळावर राहुट्या पडल्या आहेत.

इथे बोलण्यासारखं काही नाही, हाताला काम आहे. तुमच्या हातात कांजीची वाटी दिली जाते. समोरच्या मुलीच्या दंडाला तुमची चिमूट पुरून उरेल. ती वाटी हिसकावून घेते, घटाघटा पिऊ पाहते, आणि तुम्हाला तिचा हात धरावा लागतो: घोट घोट, बाळ, घोट घोट. रिकाम्या पोटाला अन्नही सोसत नाही. बाईंना हे कुणी शिकवलेलं नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि थोरली बहीण असेच गेले. त्यांची धर्मविद्या तिथून सुरू होते, भुकेपासून. ग्रीक-हिब्रू नंतर आलं.

पण इथे मी अडखळतो. केडगावच्या या माळावर उभ्या राहिलेल्या मुक्ती सदनात प्रार्थना आता बाजूच्या खोलीत नाही, मधोमध आहे. तटस्थतेचं वचन मागे पडलं. कांजी पिऊन जगलेली मुलगी त्या प्रार्थनेला नाही म्हणू शकत होती का? हा प्रश्न मला सोडवता येत नाही, आणि बाईंवरच्या माझ्या प्रेमामुळे तो झाकून ठेवायचीही इच्छा नाही.

गोदूबाईंना मात्र भेटून घ्या. १८९३ च्या मार्चमध्येच धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. आता त्या आनंदीबाई आहेत. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. सदनापासून दूर राहिलेल्या हिंदू घरांतल्या मुलींनाही त्यामुळे जागा मिळाली. दोन धर्मांचा संवाद कुठे झाला, असं कुणी विचारलं तर मी व्यासपीठांकडे बोट दाखवणार नाही. सदनात शिकलेली एक विधवा हिंगण्याच्या संसाराला लागली, त्या वाटेकडे दाखवीन.

शेवटचा मुक्काम, पुन्हा केडगाव. १९२० च्या आसपास. छापखान्यात शाईचा आणि रॉकेलचा वास. बाई थकल्या आहेत, कानांनी ऐकू येत नाही, पण बायबलचं भाषांतर चालू आहे, मूळ हिब्रू-ग्रीकवरून. आधीची मराठी फार संस्कृतप्रचुर, माझ्या खेड्यातल्या मुलींना कळत नाही, हा त्यांचा हट्ट. हिंदू अर्थाचा वास असलेले शब्दही त्या वगळतात, आणि ते मला खटकतं. तिकडे साताऱ्यात नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र बसवले, ख्रिस्तासाठी अभंग लिहिले. मन त्यांच्याकडे ओढ घेतं. पण टिळकांच्या दरबारात जे नव्हतं ते इथे आहे: जिला अक्षर शिकू नको म्हटलं होतं, तीच खिळे जुळवते आहे.

ग्रंथ छापून यायला १९२४ उजाडेल. बाई ५ एप्रिल १९२२ ला गेलेल्या असतील. तुम्ही त्या मुलीशेजारी उभे राहा. समोर खिळ्यांची केस, शेकडो खणांची. तिची बोटं न बघता खणांत जातात: द उचलला, मग काना, मग र. स्टिकमध्ये अक्षरं उलटी दिसतात, आरशातल्यासारखी. तुम्ही मान वाकडी करून वाचायला लागता. दार. तोवर ती पुढच्या ओळीला लागलेली असते.