भिवंडीतील मोहल्ला समित्या

मुसलमान समाजाविषयी मनात बसलेली अढी कशी निघावी, हा प्रश्न आपल्या सार्वजनिक जीवनात नवा नाही. त्यासाठी ऐक्याच्या सभा भरल्या, व्याख्याने झाली, शिरखुर्मा आणि तिळगूळही वाटून झाला. यात वाईट काही नाही. परंतु अशा सभेला जो येतो त्याच्या मनात अढी बहुधा नसते, आणि ज्याच्या मनात ती असते तो त्या संध्याकाळी घरीच बसतो. आपल्या व्याख्यानमालेलाही हे लागू आहे. श्रोत्यांनी रागावू नये. म्हणून आज उपदेशाचा नव्हे, तर ठाणे जिल्ह्यातील एका गावात झालेल्या खटपटीचा इतिहास सांगावयाचा आहे.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. येथे कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर आले, पुढे तेलंगणातून पद्मशाली आले. सूत एकाने विकावे, कापड दुसऱ्याने विणावे, ते तिसऱ्याने बाजारात न्यावे, असा येथला व्यवहार. पोटासाठी एकमेकांवर अवलंबून असणारी माणसे एकमेकांचा गळा धरणार नाहीत, असे आपण सहज म्हणतो. भिवंडीने ते खोटे ठरविले. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. तिची झळ जळगाव आणि महाडपर्यंत गेली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. तरीही मे १९८४ मध्ये पुन्हा तेच झाले, आणि या वेळी मुंबईही होरपळली.

मग शांतता समित्या नव्हत्या काय? होत्या. पण त्यांची रीत आपल्याला ठाऊक आहे. तणाव वाढला की दोन्ही समाजांतील पुढाऱ्यांना पोलीस ठाण्यावर बोलवावयाचे, चहा द्यावयाचा आणि शांततेचे पत्रक काढावयाचे. हे पुढारी आपापल्या समाजाचे वकील म्हणून येत. वकिलांच्या बैठकीत तडजोड होईल. ओळख कशी होणार?

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी ही रीत उलटी केली. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या काढल्या. त्यांची संख्या ७०च्या आसपास गेली. समितीत घ्यावयाचे ते त्या वस्तीतले साधे हिंदू व मुसलमान रहिवासी. बैठक दंगलीच्या धास्तीने नव्हे, तर काही घडलेले नसताना नियमाने भरवावयाची, आणि त्या वस्तीशी जोडलेला पोलीसही तिला हजर राहावयाचा.

या बैठकांत गीता आणि कुराण यांतील साम्यस्थळांची चर्चा होत नसे. शेजाऱ्यांची भांडणे, घरगुती तंटे, गल्लीतली गैरसोय असलेच विषय निघत. मला या प्रयोगाचे मर्म येथेच दिसते. शेजारच्या गल्लीतला मुसलमान म्हणजे कोणी गूढ, संघटित शत्रू नव्हे; त्याचेही आपल्यासारखेच रडगाणे आहे, हे कोणी न सांगता कळावयाचे. तिकडे मुसलमानाच्या मनात पोलिसाविषयी जी खोल भीती होती, तीही खाकी कपड्यातला माणूस दर वेळी समोर बसल्याने थोडी सैल व्हावयाची. अफवा उठली तर विचारावयाचे कोणाला, हे दोन्हीकडे ठाऊक झाले.

कसोटी लवकरच आली. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबरात आणि पुढे जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाने तेथील मृतांची संख्या ९०० दिली आहे. हाकेच्या अंतरावरील भिवंडी, जिच्या नावाचीच लोकांना धास्ती होती, ती मात्र शांत राहिली. खोपडे यांनी पुढे यावर पुस्तक लिहिले, आणि आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम दंगलींवरील आपल्या २००२ सालच्या ग्रंथात भिवंडीची दखल घेतली. सारे श्रेय समित्यांनाच द्यावे काय, यावर वाद घालता येईल. ते मोठे आहे एवढे मी म्हणेन.

मुंबईनेही दंगलीनंतर धडा घेतला. पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांनी तेथे मोहल्ला समित्यांचे काम उभे केले. पोलीस आणि वस्तीतले तरुण यांचे क्रिकेटचे सामनेही झाले. धारावीत भाऊ कोर्डे आणि वकार खान या जोडीने प्रचाराची वाट धरली. वकार खान कपडे शिवून घेण्याच्या धंद्यातले. त्यांनी चार मुलांना चार धर्मांच्या पुरोहितांचे वेष चढविले, त्यांचे छायाचित्र काढले आणि ‘हम सब एक हैं’ अशी भित्तिपत्रके छापली. कल्पना भाबडी आहे, हे मान्य. परंतु ती लावणारे दोघे रोज एकत्र हिंडताना वस्तीला दिसत होते, आणि लोकांनी पाहिले ते अधिक त्यांनाच. या दोघांच्या मैत्रीवर २००३ मध्ये ‘नाता’ हा माहितीपट निघाला.

आता कडू भाग. मुंबईत १९९३ नंतर कित्येक मुसलमान कुटुंबे मिश्र वस्ती सोडून मुंब्र्यासारख्या ठिकाणी गेली. ज्या गल्लीत दोघे उरलेच नाहीत, तेथे समिती कोणाची भरवावयाची? आणि खुद्द भिवंडीत जुलै २००६ मध्ये कबरस्तानाजवळ पोलीस ठाणे बांधण्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोघे मेले. जमावाने दोन पोलिसांना ठार केले. या वेळी भांडण हिंदू-मुसलमानांचे नव्हते. बैठकीत शेजारी बसावयाचे तेच दोन पक्ष, रहिवासी आणि पोलीस, रस्त्यावर उभे होते. खोपडे यांची बदली होऊन तेव्हा बरीच वर्षे लोटली होती.