मागचं धूसर कोणी केलं?

आजीचा माझ्याकडचा शेवटचा फोटो पोर्ट्रेट मोडमधला आहे. चेहरा लख्ख, सुरकुतीन् सुरकुती मोजावी असा. मागे मात्र नुसतं तपकिरी धुकं. त्या धुक्यात स्वयंपाकघरातलं फडताळ आहे, पितळेचे डबे आहेत, भिंतीवरचं कॅलेंडर आहे. मूळ फोटो जुन्या फोनबरोबर गेला. उरली ती फॅमिली ग्रुपवर पाठवलेली प्रत. पुढे ते घरही पाडलं. डबे पाच होते की सात, यावर आता आई आणि मावशीचं एकमत होत नाही आणि फोटो काही साक्ष देत नाही.

मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून आधी दोष कोडलाच दिला. पण शोधत गेलो तर हे धुकं दीडशे वर्षांहून जुनं निघालं.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५चा, कलकत्त्यातला. १८६३च्या डिसेंबरात, वयाच्या ४८व्या वर्षी, इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर राहत असताना लेक-जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. बाईंनी कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. तेव्हा फोटो काचेवर उमटायचा, तोही फार सावकाश. समोरच्या माणसाला काही मिनिटं निश्चल बसावं लागे. प्रकाश जास्त हवा म्हणून भिंगाचं तोंड मोठं ठेवायचं. पण तोंड मोठं आणि चेहरा जवळ असला की फोकसमध्ये एक पातळसा काप तेवढा येतो. डोळे धरले तर कान सुटतात. इतर फोटोग्राफर चित्र अगदी रेखीव होईपर्यंत भिंग पुढे-मागे करत. कॅमेरॉनबाई नजरेला सुंदर वाटलं की तिथेच थांबत.

१८६५ साली लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या नियतकालिकाने त्यांच्या फोटोंना ‘फोकस नसलेले’ म्हणून टोमणा मारला. आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयाने मात्र त्याच वर्षी ते विकत घेतले. बाईंनी आधीच, १८६४च्या अखेरीस, शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना पत्रातून विचारलं होतं, की खरा फोकस कोणता हे सांगायचा हक्क कोणाचा?

पुढे वारं फिरलं. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे मंडळींनी गट काढला आणि त्याला नावच दिलं ‘एफ/६४’. भिंगाचं तोंड अगदी बारीक करणारा हा आकडा. तोंड बारीक केलं की पायाशी असलेल्या दगडापासून दूरच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. चित्रासारख्या मऊ, धुरकट फोटोंचा त्यांना वीट आला होता. मग १९९७मध्ये एका अमेरिकी मासिकाने ‘बोके’ हा जपानी शब्द इंग्रजी वाचकांपुढे ठेवला आणि धूसरपणाला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. (मराठीत तो मांजरांच्या खात्यात जमा होतो, ते सोडा.)

गंमत अशी, की फोनचा सेन्सर आणि भिंग इतके छोटे असतात की बहुतेक वेळा सगळं आपोआप स्पष्टच येतं. एफ/६४वाल्यांचं स्वप्न खिशात आलं आणि आपण ते हिशेब करून पुसायला लागलो. २०१६च्या आयफोन ७ प्लसने दोन भिंगांतल्या किंचित फरकावरून अंतर काढलं, आपले दोन डोळे काढतात तसं. २०१७चा पिक्सेल २ मागच्या एकाच भिंगावर हे करू लागला. शिकवलेलं मॉडेल पिक्सेलगणिक ठरवतं, हा माणूस की मागचं सामान? म्हणून तर कधी चश्म्याची काडी गायब होते, कधी विस्कटलेले केस.

कॅमेरॉनबाईंचा प्रश्न इथे परत समोर येतो. कुठे थांबायचं हे त्यांनी स्वतः, काचेत बघून ठरवलं. माझ्या वेळी ते आधीच कोणीतरी लिहून ठेवलं होतं.

पण सगळं कोडवर ढकलून चालणार नाही. मोड मी निवडला होता. मागे फार पसारा दिसतोय, असं वाटलं म्हणून.

परवा आईचा फोटो काढताना तो मोड बंद केला. आई म्हणाली, “अरे, मागे सगळा ओटा येतोय.”

म्हटलं, येऊ दे.