सात टक्के, पण कोणाचे?

१९९०च्या सुमारास आमच्या लॅबमध्ये एचबीएवनसी मोजायचं म्हणजे राळेने भरलेली बोटभर नळी. मे महिन्यात खोली तापली की आकडा वर चढायचा. पलीकडच्या लॅबमध्ये तेच रक्त वेगळं बोलायचं. पेशंट दोन्ही रिपोर्ट धरून उभा राही, मला उत्तर सुचत नसे.

साखर चिकटलेलं हे हिमोग्लोबिन मधुमेहींच्या रक्तात तेहरानच्या सॅम्युएल राहबर यांनी १९६८मध्ये टिपलं. अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ पेशंटांच्या अभ्यासाने १९९३मध्ये डोळे-मूत्रपिंडांशी त्याचं नातं पक्कं केलं. पण तिथल्या मोजणीतले ७ टक्के साऱ्या लॅबचे ७ कसे व्हावेत? १९९६पासून कंपन्यांच्या तपासण्या त्याच अभ्यासाच्या मापाशी जुळवल्या जाऊ लागल्या. औषध शोधण्याइतकंच मोठं काम हे! पुढे प्रथिनसाखळीच्या टोकाची सहा अमिनो आम्लं कापून मोजणारी संदर्भपद्धत आली. तिच्या मापात ते ७ टक्के म्हणजे ५३ मिलिमोल प्रति मोल.