नव्या पाण्याचा निरोप

मृगाचा पाऊस पडला की सावली तालुक्यातला ढिवर तलावाच्या येव्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो. मी त्याच घरचा. मच्छीमार संस्थेचे हिशेब लिहिण्यात आयुष्य गेले. गढूळ पाणी आत शिरले की शिंगी, मागूर आणि बारीक मासोळ्या गाभोळी घेऊन त्याच्या उलट चढतात, धानाच्या बांध्यांत अंडी टाकतात. आजा म्हणायचा, मासोळीला नव्या पाण्याचा वास येतो.

रोहू, कटला, मृगळ मात्र तलावात वाढतात, वीत नाहीत; त्यांना नदीचा पूर लागतो. मालगुजारांचे जुने तलाव असोत की इंग्रजी अमदानीत १९१८ च्या सुमारास पाथरीजवळ झालेला आसोलामेंढा, सगळीकडे तेच. देशभर या माशांचे जिरे, म्हणजे नुकती जन्मलेली पिल्ले, नदीतून गाळून घ्यायचे आणि कलकत्त्याहून रेल्वेने पाठवायचे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तरी बीज नदीचेच राहिले. मग १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळला हिरालाल चौधरींनी माशाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून साठवणीच्या पाण्यात कार्प माशांची वीण घडवली. आज आमच्या तलावांत पडणारी बोटुकली त्याच वाटेने आलेली आहे.

मला त्याहून मोलाची वाटते ती बंगालच्या बांधांतली गोष्ट. तिथे पावसाच्या पाण्यात थोड्याच जोड्यांना सुई टोचतात, आणि न टोचलेले मासेही विऊ लागतात! एकीच्या अंगातले दुसऱ्याला पाण्यातून कळत असले पाहिजे. नॉर्मन स्टेसी आणि पीटर सोरेन्सन यांनी १९८० च्या दशकात हे गोल्डफिशमध्ये दाखवून दिले, आणि गोल्डफिश रोहूच्याच कुळातली. अंडी पिकत आली की मादी एक संप्रेरक पाण्यात सोडते. नराच्या नाकाला त्याचा अगदी सूक्ष्म अंशही पुरतो. काही तासांत त्याचे वीर्य वाढते. अंडी सुटली की दुसरे रसायन येते आणि नर तिचा पाठलाग धरतो.

त्याआधी, १९५० च्या दशकात, अमेरिकेतल्या होमर स्विंगल यांनी मांडले होते की दाटीच्या तलावात मासेच पाण्यात काहीतरी सोडतात, त्याने वीण अडते. ताजे पाणी आले की ते विरळ होते. आजा जिथे उभा राहायचा ती येव्याच्या तोंडाची जागा यासाठी महत्त्वाची; ताजे पाणी तिथूनच आत येते.

आता येव्यावर रस्ते झाले, नळ्या गाळाने बुजल्या, तोंडाशी बेशरमाची झुडपे माजली. बोटुकली खुशाल विकत आणा. पण शिंगी-मागूर विकत न आणताही इथेच वितात. मे संपण्याआधी येव्याची तोंडे मोकळी करा आणि ती मजुरी संस्थेच्या खर्चात धरा, असे मी सभेत मांडत आलो आहे. यंदाही मांडणार आहे.