मेसेज ब्रोकर मिडलवेअर (रिडक्स)

मेसेज ब्रोकर मिडलवेअर हा ब्राउझरमधील उपयोजनाची स्थिती सांभाळणारे स्टोअर आणि सर्व्हरवरील मेसेज ब्रोकर यांना जोडणारा आज्ञावलीचा थर होय. स्टोअरमधील ठरावीक ॲक्शनचे संदेशात आणि ब्रोकरकडून आलेल्या संदेशांचे ॲक्शनमध्ये रूपांतर करणे हे त्याचे मुख्य काम आहे. हा लेख रिडक्स आणि एमक्यूटीटी या जोडीपुरता मर्यादित आहे.

पार्श्वभूमी

एमक्यूटीटी हा संदेशवहनाचा प्रोटोकॉल अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये तयार केला. उपग्रहाच्या महागड्या व तुटक जोडणीवरून तेलवाहिन्यांवर देखरेख ठेवणे हा त्यामागील हेतू होता. एमक्यूटीटी सामान्यतः टीसीपीवर चालतो. परंतु वेबपृष्ठातील जावास्क्रिप्टला थेट टीसीपी जोडणी उघडता येत नाही. २०११ मध्ये प्रमाणित झालेल्या वेबसॉकेटमुळे ही अडचण दूर झाली. एमक्यूटीटीची पॅकेट वेबसॉकेटच्या बायनरी फ्रेममधून पाठवली जातात. मॉस्किटो या ब्रोकरमध्ये त्यासाठी वेगळा लिसनर, तर रॅबिटएमक्यूमध्ये प्लगइन सुरू करावे लागते.

रिडक्स २०१५ मध्ये डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी विकसित केले.

कार्यपद्धती

रिडक्समध्ये स्थिती बदलण्याचा अधिकार केवळ रिड्यूसरला असतो आणि रिड्यूसर शुद्ध फंक्शन असणे अपेक्षित असते, म्हणजे त्याने बाहेरच्या जगावर कोणताही परिणाम घडवू नये. हा नियम केवळ शिस्तीचा नाही. झडप उघडण्याचा संदेश रिड्यूसरमधूनच पाठवला, तर दोष शोधताना विकसकाने जुन्या ॲक्शन पुन्हा चालवताच प्रत्यक्ष झडपेलाही पुन्हा आज्ञा जाईल. म्हणून जोडणी मिडलवेअरमध्ये ठेवली जाते. ॲक्शन रिड्यूसरपर्यंत पोहोचण्याआधी मिडलवेअरमधून जाते. तेथे ती तपासून तिचा संदेश करता येतो, पुढे पाठवता येते किंवा अडवता येते. सॉकेट स्वतः स्टोअरमध्ये ठेवत नाहीत. ‘जोडलेले’, ‘तुटलेले’ अशी त्याची अवस्था तेवढी तेथे नोंदवतात.

येणाऱ्या आणि जाणाऱ्या ॲक्शनचे प्रकार वेगळे ठेवणे आवश्यक असते. ते एकच असल्यास ब्रोकरकडून आलेला संदेश ॲक्शन बनून मिडलवेअरमध्ये शिरतो, तेथून पुन्हा ब्रोकरकडे जातो आणि हे चक्र थांबत नाही. एमक्यूटीटी ५.० मध्ये स्वतःचाच संदेश परत न मिळण्याची सोय आहे, मात्र दोन ग्राहक एकमेकांचे संदेश परतवू लागल्यास तिचा उपयोग होत नाही.

अडचणी

सर्वाधिक घोटाळे जोडणी तुटल्यावर होतात. काही लायब्ररी तुटलेल्या काळातील संदेश रांगेत ठेवून नंतर एकदम पाठवतात. गप्पांच्या उपयोजनात हे सोयीचे असते. परंतु पंप सुरू करण्याची आज्ञा अर्ध्या तासाने पोहोचणे धोक्याचे ठरू शकते. ५.० मधील संदेशाची मुदत ब्रोकरकडे संदेश पोहोचल्यापासून मोजली जाते, त्यामुळे ब्राउझरमधील रांगेतल्या शिळ्या आज्ञा मिडलवेअरनेच टाकून द्याव्या लागतात.

सेवा-गुणवत्तेच्या पातळी १ मध्ये संदेश किमान एकदा पोहोचण्याची हमी असते, म्हणजेच तो दोनदाही येऊ शकतो. ‘झडप आणखी १० टक्के उघडा’ हा संदेश दोनदा आल्यास अनर्थ होतो. ‘झडप ४० टक्क्यांवर ठेवा’ हा संदेश कितीदाही आला तरी परिणाम तोच राहतो.

एकाच ओळख-नामाने दुसरा ग्राहक जोडला गेल्यास ब्रोकरने पहिल्याची जोडणी तोडावी, असा प्रोटोकॉलचा नियम आहे. वापरकर्त्याच्या नावावरूनच ओळख-नाम तयार केले असेल आणि त्याने उपयोजन दोन टॅबमध्ये उघडले, तर दोन्ही टॅब आपोआप पुन्हा जोडले जाऊन एकमेकांना आळीपाळीने बाहेर काढत राहतात. वरकरणी हा नेटवर्कचा दोष वाटतो. प्रत्येक टॅबसाठी स्वतंत्र ओळख-नाम देणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

सुरक्षा

ब्राउझरमधील आज्ञावली कोणालाही वाचता येते. तिच्यात लिहिलेला पासवर्ड गुप्त राहत नाही. ब्राउझरच्या वेबसॉकेट सुविधेत स्वतःचे एचटीटीपी हेडर जोडता येत नसल्याने अल्पमुदतीचे टोकन बहुधा एमक्यूटीटीच्या जोडणी-पॅकेटमधील पासवर्डच्या जागी पाठवले जाते. कोणत्या विषयावर कोणी लिहावे याचे निर्बंध ब्रोकरवरच घालावे लागतात. मिडलवेअरमधील तपासणी वापरकर्त्याला सहज ओलांडता येते. एचटीटीपीएसवरील पृष्ठातून सांकेतिकीकरण नसलेली वेबसॉकेट जोडणी ब्राउझर सहसा नाकारतो.