फतेहाबाद की धर्मत?

इंदूरहून रतलामच्या गाडीत बसलं, की फतेहाबाद लागतं. आपली मराठी मंडळी या मार्गाने वर्षानुवर्षं जात-येत आहेत. पण ही 'फतेह' नेमकी कुणाची, असं विचारणारा मला विरळाच भेटला. ती औरंगजेबाची. जुन्या गणनेने १५ एप्रिल १६५८ रोजी इथे, धर्मत गावापाशी, त्याने आणि मुरादने जसवंतसिंहाच्या बादशाही फौजेला हरवलं. बाप, शाहजहान, जिवंत होता. म्हणजे भाऊबंदकीच म्हणा ना!

जसवंतसिंहाने जागा वाईट निवडली, असं माझं मत. आजूबाजूला दलदल आणि चर, घोडदळाला पांगायला वाव नाही, समोरून तोफा. कोट्याचा मुकुंदसिंह हाडा पडला, रतलामचा रतनसिंह राठोड पडला. बरोबरचा कासिम खान जेमतेमच लढला. जखमी जसवंतसिंह मारवाडकडे निघून गेला. (याच काळात औरंगजेबाचं लक्ष उत्तरेकडे लागल्यामुळे दख्खनमध्ये शिवाजी महाराजांना मोकळीक मिळाली, हे आपल्याकडे आवर्जून सांगायला हवं.)

जेत्याने जागेचं नाव बदललं आणि तेच रुळलं. धर्मत उरलं इतिहासाच्या पुस्तकांत. पण रणभूमीवरची ठळक खूण कुणाची, तर हरलेल्या रतनसिंहाची छत्री! शिवाय खिडिया जग्गाने त्याच्यावर डिंगळमध्ये 'वचनिका' रचली, ती राजस्थानी साहित्यात आजही अभ्यासली जाते. उज्जैनला जाणाऱ्यांनी नैर्ऋत्येकडे थोडी वाट वाकडी करून ही छत्री बघावीच.