सेरेब्रल पाल्सी : व्यवसायोपचार आणि ॲक्युपंक्चर
गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा होऊन हालचाल आणि शरीराची ठेवण यांत जो कायमचा दोष राहतो, त्यास सेरेब्रल पाल्सी किंवा मेंदूचा पक्षाघात म्हणतात. मूळ इजा वाढत नाही. परंतु ताठरलेले स्नायू वाढत्या हाडांच्या मानाने आखूड पडून सांधे आखडतात, म्हणून उपचार लहान वयातच सुरू करावे लागतात. व्यवसायोपचार हा त्यांतील एक मुख्य उपचार असून, ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याची ॲक्युपंक्चर ही चिनी पद्धत काही ठिकाणी त्याच्या जोडीला वापरली जाते.

व्यवसायोपचारात मुलाची रोजची कामे हेच उपचाराचे साधन आणि साध्यही असते. घास उचलणे, सदऱ्याची बटणे लावणे, पेन्सिल धरणे यांपैकी एखादे काम निवडून त्याचाच सराव करून घेतला जातो. दोष एकाच बाजूस असल्यास चांगला हात काही काळ बांधून दुबळ्या हाताला कामास लावतात. अंगठा तळव्यात मुडपत असेल, तर तो मोकळा ठेवणारी पट्टी (स्प्लिंट) देतात. जाड मुठीचा चमचा आणि आधाराची खुर्ची यांचीही योजना करतात. या शास्त्राचे भारतातील शिक्षण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये सुरू केले. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया (आताची ‘अडॅप्ट’) या संस्थेने अशा मुलांच्या शिक्षणाला उपचारांची जोड दिली.

ॲक्युपंक्चरच्या भारतातील प्रसाराचा धागा महाराष्ट्राशी जुळतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातील त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे ही पद्धत चीनमध्ये शिकून कोलकात्यात रुजवली. सेरेब्रल पाल्सीत डोक्याच्या त्वचेवरील बिंदू, तसेच अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यातील ‘हेगू’ आणि गुडघ्याखालील ‘झुसान्ली’ हे बिंदू वापरले जातात. सुयांनी स्नायूंचा ताठरपणा काही काळ सैल पडेल आणि तेवढ्या अवधीत हाताचा सराव सुकर होईल, अशी या जोडउपचारामागील अपेक्षा असते.

या अपेक्षेला मिळालेला पुरावा मात्र दुबळा आहे. बहुतेक चाचण्या चीनमध्ये, थोड्या मुलांवर झालेल्या असून, खऱ्या व लटक्या टोचणीतील भेद रुग्णापासून लपवणे अवघड असल्याने, शिवाय इतर उपचार सोबत चालू असल्याने, सुधारणेचे श्रेय नेमके कशास द्यावे हे ठरत नाही. कार्याधारित सरावाचा पुरावा त्या मानाने भक्कम आहे. त्यामुळे सरावाचा वेळ कापून सुया टोचणे समर्थनीय ठरत नाही.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा असून त्यात व्यावसायिकांच्या नोंदणीची तरतूद आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्यविमा योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तींचा समावेश होतो. सुया निर्जंतुक व एकदाच वापरायच्या असाव्यात. रक्तस्रावाची प्रवृत्ती असल्यास बालरोगतज्ज्ञाचा सल्ला आधी घ्यावा आणि मुलास फिट्स येत असल्यास सुयांना वीजप्रवाह जोडण्याचा प्रकार टाळावा. ॲक्युपंक्चर सुरू करण्यापूर्वी मुलाला कोणते काम किती मदतीने जमते याची नोंद करून, ठरलेल्या मुदतीनंतर तीच तपासणी पुन्हा केली, तरच हा उपचार चालू ठेवावा की थांबवावा याचा निर्णय पालकांना आधाराने घेता येतो.